उठला, जॅकेट घातलं, हांबुर्गला गेला. याचं कौतुक कशाला?

पंत_नाशिककर:
परवा इथे एका चिरंजीवांनी लिहिलंय की शनिवारी दुपारी जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या होस्टेलात कंटाळा आला, दोघं मित्र उठले, एक चार्जर, दोन जॅकेटं आणि थेट हांबुर्ग. हॉटेल नाही, प्लॅन नाही. रात्रभर बंदरावर भटकले, पहाटे पाचला मासळी बाजारात पावात घातलेलं हेरिंग खाल्लं, फोटो टाकले आणि खाली बदामांचा पाऊस. "असं अचानकच जगायला हवं" म्हणे.

डोकं फिरलं म्हणून लिहितोय. माझ्या भाच्याच्या एज्युकेशन लोनला मी जामीन आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला (वर्षभराचा खर्च आधीच अडकवून ठेवायचं खातं) ११,९०४ युरो भरावे लागले तेव्हा मेव्हण्यांनी एफडी मोडली. महिन्याला त्यातले ९९२ सुटतात, त्यात रूम, इन्शुरन्स, खाणं. फिरू नका असं कोण म्हणतंय? सांगून जा ना. गेल्या वर्षी आमचे भाचेराव असेच न सांगता ड्रेस्डेनला गेले. शनिवारी रात्रीपासून फोन बंद. बहिणीने देव पाण्यात ठेवले, रात्री दोनला मला फोन, मी पायजम्यावरच स्कूटर काढून तिच्याकडे. रविवारी दुपारी उगवले. काय तर "बॅटरी संपली होती मामा". चर्च बघत होता म्हणे.

अर्धा_कप:
पंत, मुद्दा पैशाचा आहे की फोनचा ते आधी ठरवा. पैशाचा असेल तर निकालात काढतो. डॉइचलांड तिकीट, म्हणजे देशभर चालणारा पास, महिन्याला ६३ युरो, कित्येक युनिव्हर्सिटीत तर सेमेस्टरच्या फीतच येतं आणि स्वस्तात. आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या सोडून सगळ्या लोकल-रिजनल गाड्या त्यात. म्हणजे तो मुलगा हांबुर्गला गेला काय नि होस्टेलात लोळला काय, तिकिटाचा खर्च तोच. उलट हॉटेल घेतलं नाही म्हणून शंभरेक युरो वाचवले की त्याने!

पंत_नाशिककर:
वाचवले! असा हिशोब आमच्या वेळी कुणी घरी सांगितला असता तर वडलांनी चपलेने वाचवला असता.

शुद्ध_देसी:
मूळ विषय चालू द्या, पण हांबुर्ग असं काही नसतं. शब्दाच्या शेवटी ग आला की जर्मनमध्ये त्याचा क होतो. हाम्बुर्क. माग्डेबुर्क. दोन दोन वर्षं तिथे राहून मुलं जर्मनच्या बी-वन या मधल्या पातळीच्या पुढे जात नाहीत आणि मग जॉब मिळत नाही म्हणून रडतात, त्याचं मूळ इथे आहे.

अर्धा_कप:
मराठीत लिहिताना मराठी वळणानेच लिहिणार. तुम्ही जर्मनी का म्हणता मग? डॉइचलांट म्हणा!

शुद्ध_देसी:
देशाचं नाव रूढ आहे. शहरांची रूढ नाहीत. कोलोन म्हणणाऱ्यांना मी उत्तरही देत नाही, क्योल्न.

वांद्रे_पूर्व:
एवढी वर्षं मुंबईला कुणी बॉम्बे म्हटलं की आपण बाह्या सरसावतो, म्हणजे देसींचं बरोबर आहे एका अर्थी. पण म्युनिकला म्युन्शेन म्हणायला लागलो तर घरी आईला कळणार नाही मी कुठे आहे, आणि मग पुन्हा पंतांची स्कूटर निघेल.

शुद्ध_देसी:
चेष्टा करा. भाषा अशीच मरते.

सौ_खोपोली:
भाषा नंतर मारा हो. माझी मुलगी तिकडे मास्टर्स करते म्हणून बोलते. आठवड्याला वीस तास काम, वर लॅब, वर जुलैच्या परीक्षा. नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडतो, रविवारी सगळी दुकानं बंद, बोलायला चिटपाखरू नसतं. पहिल्या हिवाळ्यात रोज रात्री रडायची, मी इथे भाकरी थापता थापता फोन कानाला लावून उभी. मार्चमध्ये एक दिवस एकटीच गाडीत बसून समुद्रावर जाऊन आली तेव्हा आवाजात जीव आला तिच्या. मी नाही विचारलं न सांगता का गेलीस. पंत, राग मानू नका पण तुमच्या भाच्याला चर्च बघावंसं का वाटलं ते एकदा विचारा.

पंत_नाशिककर:
विचारलं नाही. ओरडलो. ते एक मान्य. पण बाकीचं नाही.

तोच_तो_मुलगा:
काका, तो मीच. शुक्रवारी प्रोजेक्ट सबमिट केला होता आणि माझे हप्ते कोण फेडणार हे मला रोज रात्री आठवतं, त्यासाठी सहीवाले मामा लागत नाहीत. आईला निघतानाच मेसेज टाकलेला, फक्त इथे लिहिला नाही. एकूण खर्च १९ युरो, त्यातला एक स्टेशनच्या टॉयलेटला.

आणि नुसतं हेरिंग खाल्लं नाही. रात्री दोनला जुन्या एल्ब टनेलमधून चालत नदीच्या खालून पलीकडे गेलो, १९११ चा आहे, सव्वाचारशे मीटर, चालणाऱ्यांना फुकट. भिंतीवर टाइल्समध्ये मासे, खेकडे आणि एका ठिकाणी चक्क जुना बूट आणि उंदीर. मी सिव्हिलचा आहे, माझ्यासाठी ते देऊळच होतं. सकाळी ६२ नंबरची फेरीबोट, तीही त्याच तिकिटात. येताना वाटेत उएल्झन गावाला गाडी चुकली, दोन तास बसलो, पण ते स्टेशनच हुंडर्टवासर या ऑस्ट्रियन चित्रकाराने रंगवल्यासारखं केलंय, वाकडे खांब आणि रंगीत टाइल्स. त्यामुळे राग आला नाही.

वांद्रे_पूर्व:
स्वतःच्या सुटकेसाठी सिव्हिल काढलं बाहेर 😄

जुना_जाणता:
याच हांबुर्गात १९४२ साली सुभाषबाबूंच्या काळात जन गण मन वाद्यवृंदावर वाजलं होतं. त्याचा एक शब्द नाही. खेकडे बघून आले.

तोच_तो_मुलगा:
माहीत नव्हतं. माहीत असतं तर रात्री दोनला तेही बघितलं असतं, तेवढा वेळ होता.

पंत_नाशिककर:
मेसेज टाकला होतास हे आधी लिहायला काय झालं होतं? अर्धा धागा टळला असता. बरं, तुझ्यापुरतं मागे घेतो. "अचानकच जगायला हवं" हे मात्र घेत नाही, ते वाचून उद्या दहा जण चार्जरही न घेता निघतील.

शुद्ध_देसी:
उएल्झन नव्हे. जर्मन झेडचा त्स होतो. उएल्त्सन. किती वेळा सांगायचं.

ल्युनेबुर्गकर:
देसी, मी त्याच मार्गावर राहते, गेली नऊ वर्षं. तिथला यू-ई म्हणजे उमलाउट, डोक्यावर दोन टिंबं असलेला यू. सगळे युल्त्सन म्हणतात. उएल्त्सन म्हणून तिकीट मागितलंत तर खिडकीतली बाई तुमच्याकडे बघत राहील.

शुद्ध_देसी:
प्रादेशिक उच्चार असेल.

ल्युनेबुर्गकर:
गावाचं नाव आहे हो, गावातलेच सांगणार ना.

शुद्ध_देसी:
बरं. युल्त्सन. खूश?

अर्धा_कप:
भाषा मेली का जगली?

सौ_खोपोली:
पंत, केला का फोन भाच्याला?

पंत_नाशिककर:
केला. उचलत नाहीये. रविवार आहे.