अनुभव धागा: दारू सोडणाऱ्यांची मिटिंग, बेळगाव-खानापूर-निपाणी

माळ घातली की दारू सुटते, असं आपल्या सीमाभागात मानतात. कित्येकांची सुटलीही. माझी माळ दोनदा उतरली. तिसऱ्या खेपेला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मिटिंगला गेलो. त्याला आता ६ वर्षं झाली. ज्यांनी सोडली, सोडून पुन्हा धरली, ज्यांच्या घरात कुणी पितं, सगळ्यांनी लिहा. नाव नको, गाव पुरे.

एक आधीच सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने वाचून जोशात एकदम बंद करू नये. पहिल्या दोन-चार दिवसांत थरथर सुटते, भास होतात, फीट येते, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग मिटिंग. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

वडगाव
मी मागावर काम करायचो. २००७ साली कर्नाटकात सारायी, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद झाली तेव्हा आईनं देवापुढं नारळ फोडला. महिन्याभरात मी इंग्लिश दारूच्या ९० मिलीच्या पाकिटावर आलो. घरात भांडी राहिली नाहीत तेव्हा मिटिंगला गेलो, तेही मेव्हण्यानं हाताला धरून नेलं म्हणून.

खोलीत दहा-बारा माणसं, चहा. एकजण उठला आणि कन्नडात बोलायला लागला. माझं कन्नड बाजारापुरतं. पण बायकोचं डोरलं गहाण टाकून दुकानापर्यंत कसा पळत गेला, ते मला शब्द न् शब्द कळलं, कारण मी तसाच पळालो होतो. बाहेर पाटीच्या भाषेवरून किती डोकी तापतात आपल्याकडे! आत मला कुणी विचारलं नाही मराठी का कन्नड. पिणं थांबवायची इच्छा आहे का, एवढंच. फी नाही. शेवटी डबा फिरतो, जमेल ते टाकायचं. बाहेरच्या माणसाची देणगी घेत नाहीत.

माझा स्पॉन्सर, म्हणजे आधी दारू सोडलेला नि मला सोबत करणारा जुना सदस्य, बसकंडक्टर. संध्याकाळी सातला जीव कासावीस व्हायचा, मी फोन करायचो. तो म्हणायचा, "आज नको पिऊ. उद्याचं उद्या बघू की." जन्मभराची शपथ मला कधीच झेपली नसती. संध्याकाळ झेपली.

(धागा काढणारा मी यात एक भर घालतो. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एका शेअरदलालाला पिण्याची अनावर इच्छा झाली. पिऊ नये म्हणून त्यानं दुसरा पिणारा शोधला, तो निघाला सर्जन. दोघं बोलत बसले, त्यातून एए उभं राहिलं. कंडक्टर वडगावकरांचा फोन उचलतो तेव्हा स्वतःचीही संध्याकाळ सांभाळत असतो.)

खानापूरजवळ
आमच्या ह्यांच्या बाटल्या मी मोरीत ओतल्या. साहेबांना फोन करून ताप आलाय म्हणून खोटं सांगितलं. अल-ॲनॉन ही घरच्यांची मिटिंग. तिथं पहिल्यांदा कुणी सांगितलं की हे पिणं तुझ्यामुळं नाही, आणि तुझ्यानं थांबणारही नाही. मी खूप रडले. आता साहेबांचा फोन मी घेत नाही. हे अजून पितात. मी मात्र वेळेवर जेवते, पोरीचा अभ्यास घेते.

बैलहोंगल रस्ता
मला मिटिंग मानवली नाही. सगळ्यांसमोर बोलायला तोंडच उघडेना. धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं, औषधं घेतली, अजून जातो. हेही लिहायला पाहिजे म्हणून लिहिलं.

(बरं केलंत. मिटिंगला जाणाऱ्यानं औषध सोडावं असं एए सांगत नाही.)

निपाणी
१४ महिने कोरडा होतो. भाच्याच्या हळदीत एक घोट घेतला, पुढचे तीन आठवडे आठवत नाहीत. मिटिंगला परत जायला पाय उचलत नव्हता. गेलो तर एका म्हाताऱ्यानं शेजारची खुर्ची पुढं ओढली, कुठं होतास विचारलं नाही. आज १२वा दिवस. रविवारी पुतण्याचं लग्न आहे.

वडगाव
निपाणीकर, निरोपात नंबर टाकलाय. लग्नाला मी येतो सोबत. जेवून लगेच निघू.