मदत हवी आहे: इम्प्लांटनंतर 'स' ऐकू येईनासा झालाय

नमस्कार मंडळी. लेक साडेतीन वर्षांची आहे, आठ महिन्यांपूर्वी उजव्या कानाला कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून बसवतात ते यंत्र) झालं. रोज सकाळी मशीन लावलं की मी तोंडासमोर कागद धरून आ, ई, ऊ, म, श, स असे सहा आवाज काढते. ऐकू आलं की ती डब्यात ठोकळा टाकते. बाकी पाचांना लगेच टाकते, पण गेले दहा दिवस 'स'ला नुसती बघत बसते. आधी टाकायची हो! बॅटरी, डोक्याला चिकटणारी कॉइल बदलून पाहिली, सर्दीही नाही. 'स' उंच पट्टीतला, म्हणजे मॅपिंग (मशीनचं आवाजाचं सेटिंग) बदलावं लागेल का? पुढची तारीख महिन्याने आहे. थांबू की आधीच फोन करू?

दुसरं, सासूबाई. नातीवर जीव आहे, पण पाणी हवंय का हेसुद्धा हातवारे करून विचारतात, आणि टीव्ही दिवसभर चालू. मग लेकीला बोलणं ऐकायची सवय कशी लागणार? न दुखावता कसं सांगितलंत तुम्ही?

ऐकण्याचे खेळ मराठीतून कुणाकडे आहेत का? आम्हाला मिळालेली चित्रं सगळी इंग्रजी, त्यात इग्लू. साताऱ्याजवळच्या गावात इग्लू कुठून दाखवू? थेरपीला आठवड्यातून एकदाच जाणं जमतं.