कुजणारच आहे, मग वेगळा कशाला?

ओला कचरा कुठेही टाकला तरी शेवटी कुजतोच, मग तो वेगळा ठेवण्याचा खटाटोप कशासाठी, हा वर विचारलेला प्रश्न रास्त आहे. मात्र कुजणे सगळीकडे एकसारखे नसते. कंपोस्टच्या ढिगात हवा खेळती असेल तर जिवाणू ऑक्सिजनच्या साहाय्याने देठे, साली आणि उष्टे-खरकटे यांचे विघटन करतात, ढीग आतून ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि काही महिन्यांत मातीचा वास येणारे भुसभुशीत खत हाती येते. हाच कचरा कचराभूमीत थरांखाली दाबला गेला, की हवेअभावी त्यातून मिथेन तयार होतो आणि १०० वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो. शिवाय कचराभूमीतून झिरपणारे काळपट पाणी बॅटऱ्यांमधले जड धातू भूजलापर्यंत नेऊ शकते.

ओल्यात मिसळलेल्या सुक्या कचऱ्याचे नुकसान वेगळेच. अ‍ॅल्युमिनियमचा डबा खरकटा झाला तरी धुता येतो, आणि तो वितळवून पुन्हा वापरल्यास खनिजापासून नवा धातू काढण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. तेलाने माखलेला कागद मात्र लगद्याच्या कामातून बादच होतो.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष घरगुती घातक कचऱ्याकडे होते. जुन्या मोबाइलची लिथियम बॅटरी कचरागाडीच्या दाबयंत्रात चिरडली गेली तर गाडीलाच आग लागू शकते, म्हणून तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचरा संकलन केंद्रातच द्यावी.