रोज इंग्रजी पेपर वाचा आणि 7 बँड मिळवा म्हणे!

तापीकाठ:
काल भरीतपुरी भाऊंनी इथे ठोकून दिलं की आयेल्ट्स अकॅडमिकच्या (IELTS, परदेशात शिकायला जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा) रीडिंगला टेस्ट सोडवायची गरजच नाही. रोज तासभर इंग्रजी पेपर वाचा, तीन महिन्यांत 9 पैकी 7 बँड, म्हणजे गुण, घरी चालत येतो. खाली ‘एकदम बरोबर भाऊ’ची रांग. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण असल्या सल्ल्यापायी पोरं परीक्षेची फी दुसऱ्यांदा भरतात.

तीन उतारे, 40 प्रश्न, 60 मिनिटं, सगळं मिळून 2150 ते 2750 शब्द. 7 ला साधारण 30 बरोबर लागतात, 6 ला 23. म्हणजे सहावर अडकलेल्याला फक्त सात प्रश्न जास्तीचे सोडवायचेत. ते सात कुठे सांडतात हे पेपर वाचून कसं कळणार?

सांडायच्या जागा चारच. एक, उत्तराची जागाच सापडली नाही. दोन, जागा सापडली पण अर्थ चुकला. तीन, सगळं कळलं आणि लिहिताना माती खाल्ली: दोन शब्दांची मर्यादा असताना तीन लिहिले, नाहीतर अनेकवचनाचा एस खाल्ला. चार, वेळ संपला. लिसनिंगच्या कागदी परीक्षेत उत्तरं उतरवायला 10 मिनिटं वेगळी मिळतात, रीडिंगला एक मिनिटही नाही. हे न कळल्याने शेवटचा उतारा कोरा सोडून येणारे आहेत. अरे, चुकीला मार्क कापत नाहीत, काहीतरी लिहा तरी!

टेस्ट सोडवली, उत्तरं तपासली, 24 आले, उद्या दुसरी, हाही वेळेचा नाशच. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी उताऱ्यातलं ते वाक्य शोधून वहीत उतरवा. त्याखाली प्रश्नातलं वाक्य. कुठला शब्द कशाने बदललाय ते रेघ मारून जोडा आणि समासात वरच्या चारपैकी आकडा टाका. टेस्टला एक तास लागत असेल तर या कामाला दोन लागतात. चार टेस्ट झाल्या की समासात एकच आकडा पुन्हा पुन्हा दिसायला लागतो. मग तेवढंच दुखणं धरायचं.

भरीतपुरी:
वा! वह्या भरा, रेघा मारा. ज्याला ओळीतले चार शब्द कळत नाहीत तो कशाला कशाने जोडणार? परीक्षा घेणारे स्वतः सांगतात की उतारे पुस्तकं, जर्नल, मासिकं आणि वर्तमानपत्रांतून घेतो. वर्तमानपत्रांतून! ते सोयीस्कर गाळलंत. माझ्या पुतण्याने एकही क्लास न लावता, नुसतं वाचून 7.5 काढला. क्लासवाल्यांची पोटदुखी समजू शकतो.

तापीकाठ:
माझा क्लास नाही, तेव्हा पोटदुखी दुसरीकडे शोधा. वर्तमानपत्रांचं नाव त्यात आहे, मान्य. पण उचलतात ते लांबलचक लेख: शोध कसा लागला, त्यावर कोणी काय आक्षेप घेतला, आता मत कुठे आहे. तुमचा सल्ला ऐकणारा पोरगा वाचतो बातमी, जिचा सगळा जीव पहिल्या दोन ओळींत असतो. पुढचं वाचलं काय, न वाचलं काय. आणि पुतण्या वाचायला बसला तेव्हा कुठे होता? 6.5 वर असेल तर काठावरून ढकलला एवढंच.

शेवभाजी:
मूळ रोग कोणी बोलत नाही. पाचवीपासून सेमी-इंग्लिश केलं, गणित-विज्ञान इंग्रजीत पाठ करून घेतलं, धड मराठी नाही धड इंग्रजी नाही. मग परीक्षेच्या नावाने रडा.

अमळनेरी:
शेवभाजी भाऊ, त्याचा धागा वेगळा काढा, तिथे मीही येते भांडायला.

इथे दोघंही अर्धं बोलताय. 40 पैकी 15 सुद्धा बरोबर येत नसतील तर तापीकाठ दादांची वही आधी कामाची नाही, कारण प्रत्येक चुकीसमोर ‘अर्थ चुकला’ हा दोनचा आकडाच पडेल. त्याने घड्याळ बाजूला ठेवून एका बैठकीत एकच उतारा घ्यावा. प्रत्येक परिच्छेद झाला की समासात मराठीत पाच-सहा शब्दांत लिहावं की हा परिच्छेद इथे कशासाठी आलाय. काय सांगितलंय ते नको, कशासाठी ते लिहा. हेडिंग जुळवायच्या प्रश्नाची तयारी यातच होते. त्या प्रश्नात हेडिंग परिच्छेदांपेक्षा जास्त दिलेली असतात आणि फसवं हेडिंग हमखास परिच्छेदातल्या एखाद्या ठळक तपशिलाचं असतं. पोरांना तो शब्द दिसतो आणि लगेच खूण!

क्रमही महत्त्वाचा. ट्रू-फॉल्स-नॉट गिव्हनची (विधान उताऱ्याप्रमाणे बरोबर, चूक की उताऱ्यात त्याबद्दल सांगितलेलंच नाही) उत्तरं उताऱ्यात ओळीने येतात, वाक्यं पूर्ण करायचीही. ‘ही माहिती कोणत्या परिच्छेदात’ हा प्रश्न मात्र ओळीने येत नाही आणि वर एक अक्षर दोनदाही चालू शकतं. तो पहिला छापलेला असला तरी शेवटी सोडवा, तोवर उतारा निम्मा ओळखीचा झालेला असतो.

खरा घात नॉट गिव्हनमध्ये. समजा उताऱ्यात आहे: ‘तापीखोऱ्यात ठिबक आल्यानंतर केळीचं एकरी उत्पन्न वाढलं.’ विधान दिलं: ‘उत्पन्न ठिबकमुळे वाढलं.’ उत्तर नॉट गिव्हन. ‘उत्पन्न घटलं’ असं विधान असतं तर फॉल्स.

मृगबाग:
ताई, नॉट गिव्हन कसं? ट्रू आहे ते! ठिबकमुळेच वाढलं. रावेर-यावलला कोणालाही विचारा. पाटपाण्यात खत वाहून जायचं, आता विद्राव्य खत थेट मुळाशी जातं.

गिरणाथडी:
सगळं श्रेय नळीला नका देऊ भो. आधी कंद लावायचे, बाग मागेपुढे निसवायची (घड बाहेर पडायचे), घड हाती यायला दीड वर्ष. टिश्यूचं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेलं रोप आलं आणि अकरा-बारा महिन्यांत कटाई. बाग एकसारखी वाढते म्हणून माल एकदम निघतो. उत्पन्न रोपाने वाढवलं.

मृगबाग:
टिश्यूचं रोप पाटपाण्यावर लावून बघा मग! 5 बाय 6 फुटांवर एकरी 1452 खोडं, मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, तेव्हा रोज पाणी द्यायचं आठवड्याच्या पाळीवर कसं देणार? घड सटकतात अर्ध्यावर.

गिरणाथडी:
आणि बागेत सीएमव्ही (केळीवरचा विषाणू रोग) शिरला की ठिबक काय करतं? रोप उपटून जाळावंच लागतं. पीलबाग (कापलेल्या खोडाच्या पिलांवरचं दुसरं पीक) धरणाऱ्यांना विचारा दुसऱ्या वर्षी ठिबक असूनही घड किती भरतो ते.

शेवभाजी:
केळीला भाव किती मिळतो ते बोला. वाढलेल्या उत्पन्नाचं लोणचं घालायचं का?

मृगबाग:
भावाचा काय संबंध? मुद्दा ठिबकचा चाललाय.

तापीकाठ:
मुद्दा रीडिंगचा चाललाय! पण थांबा, तुमच्यामुळे एक बरं झालं. ठिबक त्याच काळात, रोप त्याच काळात, विद्राव्य खतं त्याच काळात. उतारा फक्त ‘आल्यानंतर’ म्हणतो, कशामुळे ते सांगतच नाही. तुम्ही दोघं जे भांडताय ते उताऱ्याबाहेरचं आहे. मृगबाग भाऊ, तुम्हाला केळीतलं जास्त कळतं म्हणूनच तुमचा मार्क गेला.

मृगबाग:
म्हणजे ज्याला शेती कळत नाही तो पास. छान परीक्षा आहे. परीक्षेपुरतं नॉट गिव्हन लिहितो, बागेत ट्रूच.

अमळनेरी:
चालेल. म्हणून विज्ञानाच्या पोरांनी सरावाला आपल्या विषयाबाहेरचे उतारे जास्त घ्यावेत. आणि विधान तपासताना उताऱ्यातल्या वाक्यावर बोट ठेवता आलं पाहिजे. बोट ठेवायला वाक्यच नसेल आणि तरी ट्रू वाटत असेल तर ते डोक्यातून आलंय. दुसरीकडे, दीड-दोन मिनिटं शोधूनही वाक्य मिळालं नाही तर नॉट गिव्हन लिहून पुढे सरका. तिथेच घुटमळलं की तिसरा उतारा बुडतो, आणि तोच सगळ्यात जड असतो. 20-20-20 पेक्षा 17-20-23 धरा.

भरीतपुरी:
ठीक. बातम्या नकोत, पुरवणीतले लांब लेख वाचा, एवढी दुरुस्ती करतो. तुमची वहीही चालेल. पण आठवड्याला एकच पूर्ण टेस्ट, बाकी दिवस वाचन. रोज टेस्टचा रतीब घालणाऱ्यांचे उतारे महिन्यात संपतात आणि मग नेटवरून कोणीही बनवलेले, चुकीच्या उत्तरांचे उतारे सोडवत बसतात. यावर बोला.

तापीकाठ:
बोलायला काही ठेवलंच नाही तुम्ही. नेटवरच्या भंगार उताऱ्यांबद्दल शंभर टक्के सहमत, त्यांच्या नॉट गिव्हनला तर बनवणाऱ्यालाच अर्थ माहीत नसतो. केंब्रिजने छापलेले आयेल्ट्सचे जुने संच पुरवून वापरा. सोडवलेला उतारा महिन्याने परत घेतला तरी चालतो, उत्तरं आठवतात पण जागा शोधायचा सराव होतो.

गिरणाथडी:
एक विचारू? संगणकावर परीक्षा देणाऱ्याने झेरॉक्सवर सराव केला तर चालतं का? माझ्या भाचीने झेरॉक्सचा गठ्ठाच आणलाय.

अमळनेरी:
वहीचं काम झेरॉक्सवर करू दे. पण वेळ लावून सोडवायच्या टेस्ट स्क्रीनवरच. डावीकडे उतारा, उजवीकडे प्रश्न, दोन्ही बाजू वेगवेगळ्या सरकतात. पेन्सिलने गोल करायची सवय तिथे उपयोगी नाही, शब्द निवडून रंगवावा लागतो. शेवटचे दोन आठवडे तरी लॅपटॉप घ्या म्हणावं, मोबाईलवर नको.