सहाचे अकरा झाले, पुढे काय?

सहीशिक्का: काल इथे एकाने लिहिलं की राज्य सरकारच्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेतल्या (कार्यालयात नाहीतर कारखान्यात काम शिकायचं, विद्यावेतन सरकारचं) पोरांना ‘फुकटच्या दहा हजारांची चटक लागली, म्हणून आता कायम करा म्हणत आझाद मैदानात बसतात’. प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

माझी धाकटी बहीण बी.कॉम. २०२४ मध्ये योजना आली, तिने महास्वयम या सरकारी रोजगार पोर्टलवर नोंदणी केली आणि तालुक्याच्या एका कार्यालयात रुजू झाली. विद्यावेतन महिन्याला बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८, पदवीला १०. पहिल्याच दिवशी साहेबांनी फायलींचं एक लोखंडी कपाट उघडून दाखवलं, ‘हे सगळं संगणकावर चढवायचं.’ झालं प्रशिक्षण! म्हाताऱ्या बायकांचा अंगठा मशीनवर उमटत नाही, म्हणून टेबलावर ओला रुमाल ठेवायचा, हे ती स्वतःच शिकली. साहेब दौऱ्यावर असले की लोक तिलाच ‘मॅडम, कधी होईल?’ विचारायचे. विद्यावेतन कधी दोन-दोन महिने नाही, मग एकदम. मुदत वाढून सहाचे अकरा महिने झाले, प्रमाणपत्र मिळालं. कपाटातले दोन कप्पे अजून तसेच आहेत. म्हणजे काम बारमाही आणि माणूस हंगामी. यात कौशल्य कोणतं दिलं, ते ही योजना चालवणाऱ्या कौशल्य विभागाने सांगावं.

लेथवाला: काल लिहिणारा मीच. योजनेच्या नावातच ‘प्रशिक्षण’ आहे, ‘नोकरी’ कुठेय? नाशिकच्या सातपूरला माझं छोटं वर्कशॉप आहे, मीही योजनेतली दोन पोरं घेतली. एक आयटीआय टर्नर. व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात बारीक माप, तोंडपाठ, ०.०२ मिमी, आणि बोअर, म्हणजे भोकाचा आतला व्यास, मोजायला बाहेरचे जबडे लावतोय! चार महिने घासला, आज माझ्याकडेच १६ हजारांवर आहे. दुसरा मोबाइलमधून मान वर काढेना, घरी पाठवला. सरसकट सगळ्यांना कायम करायचं, तर वर्षानुवर्षं स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी काय घोडं मारलंय?

सहीशिक्का: तुम्ही शिकवलंत म्हणून तो टिकला. मी वेगळं काय म्हणतोय? आणि माझ्या बहिणीला त्या मोबाइलवाल्याच्या पंगतीत बसवू नका.

लेथवाला: बहिणीला धाग्यात तुम्ही आणलंत, मी नाही. भावनिक करायचं आणि मग दुखावून घ्यायचं.

ऱ्हस्वदीर्घ: दोघांचं चालू द्या. पण ज्या खात्याला स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही, ते कौशल्य काय शिकवणार? ‘कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग’. नवीनचं भाववाचक नाम नावीन्य, ‘वी’ दीर्घ. त्याला वर ‘ता’ कशाला? मग कौशल्यता, सौंदर्यताही म्हणा.

कट्टाबंद: आली शुद्धलेखनाची फलटण.

ऱ्हस्वदीर्घ: हसा. तीस वर्षं मराठी शिकवलं. एका पोराने निबंधात ‘नाविन्यता’ लिहिलं, मी अर्धा गुण कापला. दुसऱ्या दिवशी वडील शासन निर्णयाची प्रत घेऊन दारात. ‘सर, सरकार चूक की तुम्ही?’

कट्टाबंद: मग दिला का अर्धा गुण?

ऱ्हस्वदीर्घ: नाही. ‘सरकार’ म्हटलं.

लेथवाला: गुरुजी, भाषा प्रवाही असते. लोक बोलतात ते बरोबर.

ऱ्हस्वदीर्घ: कोण बोलतं ‘नाविन्यता’? तुमच्या वर्कशॉपात कोणी म्हणतं का, ‘या जॉबमध्ये जरा नाविन्यता आण’? हा शब्द फक्त पाटीवर जगतो. आणि मापात तुम्ही ०.०२ चा फरक चालवून घेत नाही, मग आम्ही वेलांटी का चालवून घ्यावी?

लेथवाला: हे बरं बोललात. पण वेलांटीने पोट भरत नाही.

बारावी_पास: पाटीवरून आठवलं. वडिलांचं सेवायोजन कार्यालयाचं (एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं) कार्ड अजून ट्रंकेत आहे. मागे नूतनीकरणाचे शिक्के ओळीने, शेवटचा पुसट. कॉल एकही नाही. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा जास्त कामगार असले की रिकाम्या जागा या कार्यालयाला कळवायच्याच असायच्या, पण भरती त्याच यादीतून करायचं बंधन नव्हतं. कळवलं की संपलं. आता त्याच कार्यालयाचं नाव ‘जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र’. वडील रांगेत उभे राहायचे, मी ओटीपीची वाट बघतो.

कट्टाबंद: सगळंच वाईट नाही हो. याच खात्याच्या स्टार्टअप सप्ताहात निवड झाली की १५ लाखांपर्यंतचा सरकारी कार्यादेश, म्हणजे कामाची ऑर्डर, मिळत आलाय. नव्या पोराला पहिलं गिऱ्हाईक सरकार, ही छोटी गोष्ट नाही.

ऱ्हस्वदीर्घ: ‘कार्यादेश’ शुद्ध आहे. अर्धा गुण.

सहीशिक्का: धागा कुठे निघाला होता आणि कुठे पोचला! लेथवाले, सरळ उत्तर द्या. बी.कॉम. पोरगी हिशेबाला आली तर घ्याल?

लेथवाला: टॅली येतं? जीएसटीचं रिटर्न भरता येतं?

सहीशिक्का: नाही. अकरा महिने कोणी शिकवलंच नाही.

लेथवाला: बरं, कपाटाचं तेवढं मान्य. चटक शब्द मागे घेतो. सरसकट कायम करायला मात्र माझा विरोधच.