मदत हवी: आईसाठी (६३, टाइप २ डायबेटिस) ताकदीचे व्यायाम घरी कसे सुरू करू?

आई अंगाने बारीक. गोड जवळजवळ बंद, सकाळचं फिरणं चुकत नाही, तरी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) आठच्या खाली येत नाही. मांड्यांतली ताकदही गेलीये, जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात. डॉक्टर म्हणाले, चालणं असू द्या, पण आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये दिवस सोडून, स्नायूंना ताण द्या. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच उचलतात, आणि ते काम करत असताना इन्सुलिनवाचूनही उचलतात.

"एवढी बारीक, हिला कसली साखर?" असं नातेवाईक म्हणतात तेव्हा फार वाईट वाटतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांची तुलना मांडली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आईचं असंच काहीसं असेल का?

इथल्या जिममध्ये सगळी तरुण मुलं, तिथे ती संकोचते. घरी खुर्चीवरून उठबस आणि पाण्याच्या बाटल्या, एवढंच मला सुचतंय. वजन कधी वाढवायचं? डायबेटिसच्या गोळ्यांत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडही चालू आहे, म्हणून साखर एकदम उतरण्याची धास्ती वाटते. कुणी आपल्या आईवडिलांकडून हे करून घेतलंय का?

प्रतिसाद:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. तिथे नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर जड वजन आणि श्वास रोखून जोर लावणं, दोन्हींनी आत रक्तस्राव होऊ शकतो. एरवीही उठताना श्वास सोडायचा, हे काकूंना पहिल्या दिवसापासून शिकवा.

धास्ती वाटते ती ग्लिमेपिराइडमुळे, आणि ती रास्त आहे. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी उतरत नाही. उपाशीपोटी व्यायाम नको. आधी ग्लुकोमीटरवर बघा. ९० च्या खाली असेल तर थोडं खाऊन मग सुरुवात. ७० च्या खाली असेल तर व्यायाम राहू दे, तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. असं वारंवार झालं तर डोस डॉक्टरांनाच बदलू द्या.

उठबस ८-१० वेळा, दोन फेऱ्या, जोडीला भिंतीवरचे पुश-अप. १५ वेळा सहज जमायला लागलं की बाटल्या जड करा. पायांना मुंग्या येत असतील तर अनवाणी नको.

काकूंचे गुडघे कसे आहेत? खुर्ची किती उंच घ्यायची ते त्यावर ठरेल.