टेक्सासला इन्कम टॅक्स नाही, पण...

सॅन डिएगोचं भाडं झेपत नाही, नवरा आर्मीतून बाहेर पडतोय, टेक्सासला जावं का असं विचारलंयस ना, आम्ही तेच केलं, आता सॅन अँटोनियोत आहोत. इथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही हे खरंय, पण व्हीए, म्हणजे माजी सैनिकांसाठीचं सरकारी खातं, सेवेत आलेल्या अपंगत्वाबद्दल देतं ती डिसॅबिलिटीची रक्कम तशीही सगळ्या राज्यांत करमुक्तच असते, तेवढ्यासाठी बिऱ्हाड हलवण्यात अर्थ नाही. खरी मेख प्रॉपर्टी टॅक्समध्ये आहे. व्हीएने ठरवलेलं अपंगत्वाचं रेटिंग १०० टक्के असेल तर राहत्या घरावर पूर्ण माफ, आणि ९० वर अडकलात तर डिसॅबिलिटीपोटी घराच्या करपात्र किमतीतून फक्त १२,००० डॉलर वजा, बास! आमचं ९०च आहे, पहिलं बिल आलं तेव्हा नवरा चष्मा पुसून पुसून वाचत होता. म्हणून सांगते, रेटिंगचं पत्र हातात येईपर्यंत भाड्यानेच राहा. आणि हेझलवूडमुळे, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या टेक्सासच्या फीमाफीमुळे, मुलांची कॉलेजची फी वाचते असं कोणी म्हणालं तर आधी बघ, भरती होताना नवरा टेक्सासचा होता का, किंवा टेक्सासमधून भरती झाला होता का, नसेल तर विसर. बाकी घरं बघायला ऑगस्टमध्येच ये, एसीच्या बिलाचाही अंदाज येईल :)